पळसाकडे पाठ

एकदा एका डोंगराच्या पायथ्याशी एक वृद्ध चित्रकार राहत असत. जलरंगात त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता. सुनेत्रा नावाची त्यांची एक शिष्या होती. तिची आई दर वसंतात डोंगरावरचा पळस पाहायला जायची. त्या वर्षी मात्र पाय मोडल्यामुळे ती अंथरुणाला खिळली होती.

'यंदा पळसच आईपाशी न्यायचा,' असे ठरवून सुनेत्रा रोज सकाळी रंग आणि कागद घेऊन झाडासमोर बसू लागली. तिने पाकळ्यांची वळणे न्याहाळली, देठाजवळची काळसर मखमल टिपली. पण जरा कुठे रंग ओघळला की ती घाईने तो पुसे, त्यावर दुसरा रंग चढवी. आठ दिवसांत आठ चित्रे झाली आणि आठही चित्रांत केशरी रंगाचा चिखल झाला. इकडे झाडाखाली फुलांचा सडा वाढत होता, वरच्या फांद्या रित्या होऊ लागल्या होत्या.

गुरुजी झाडापाशी आले तेव्हा ती रडवेली होऊन म्हणाली, "गुरुजी, चार दिवसांत बहर संपेल. माझ्याच्यानं होत नाही. तुम्हीच काढून द्या ना."

गुरुजींनी तिची रंगपेटी उचलली. "चल, तुझ्या घरी जाऊ."

"पण झाड तर इथे आहे!"

"असू दे. चल."

घरी त्यांनी तिला आईच्या खाटेसमोर बसवले आणि ओला केलेला कागद पाटावर पसरून तिच्यापुढे ठेवला. त्या खोलीतून डोंगरसुद्धा दिसत नव्हता. मग ते आईला म्हणाले, "माई, पळसाची एखादी गोष्ट सांगा. ही काढील."

आईचा चेहरा उजळला. "काय सांगू! लहानपणी आम्ही टोपलीभर फुलं हंड्यात उकळायचो. एका रंगपंचमीला तो सगळा रंग मी हेडमास्तरांच्या पांढऱ्याशुभ्र धोतरावर ओतला! मी पुढे, मास्तर मागे. मी थेट पळसावरच चढले. वर बघते तर आभाळ दिसेना, नुसतं केशरी!"

"मग उतरलीस कशी?" सुनेत्राने विचारले.

"उतरते कशाला? मास्तर दमून खालीच बसले, आणि त्यांच्या टकलावर एकेक फूल टपटप पडायला लागलं!"

सुनेत्रा खळखळून हसली. हसता हसता तिचा कुंचला चालत होता. केशरी थेंब ओल्या कागदावर पसरत होते, एकमेकांत मिसळत होते. पुसायचे तिला भानच राहिले नाही. गोष्ट संपल्यावर तिने खाली पाहिले, तर कागदावर पळस फुलला होता.

"गुरुजी, झाड समोर असताना जमलं नाही, ते इथे कसं जमलं?"

गुरुजी म्हणाले, "बाळ, जलरंगात अर्धे चित्र आपण काढतो, अर्धे पाणी काढते. पाणी आपले काम करू लागले की तू भिऊन त्याला अडवत होतीस. आज तुझे लक्ष चुकीकडे नव्हते, जिच्यासाठी चित्र काढायचे तिच्याकडे होते. ते आठ दिवस वाया गेले नाहीत हो! त्यांनीच तुझ्या बोटांना पळस शिकवला. फक्त भीतीला थोडा वेळ दाराबाहेर बसवायचे होते."

आईने चित्र हातात घेऊन बराच वेळ पाहिले. मग म्हणाली, "अगं, पण साळुंक्या कुठे आहेत? पळस फुलला की त्यांचा केवढा गलका असतो!"

सुनेत्राने कुंचला गडद रंगात बुडवला. दोन साळुंक्या फांदीवर नीट बसल्या. तिसरीचा रंग ओघळून तिचा चक्क कावळा झाला. सुनेत्राने क्षणभर त्याच्याकडे पाहिले आणि त्याला तसेच बसू दिले.

आईला सगळ्यांत जास्त तोच आवडला.