पत्र्याची फुलं

डोंगराला अजून कुंपणं नव्हती आणि शेळ्या आपल्या लेकींची लग्नं स्वतःच ठरवत, त्या काळातली ही गोष्ट. कबरी शेळीच्या चांदणीचं लग्न ठरलं. कबरीची ऐपत बेताची. स्वागतसमारंभाची टेबलं कशी सजवायची, याचा तिला घोर लागला.

चांदणी म्हणाली, "आई, प्रत्येक टेबलावर मातीच्या बोळक्यात कोवळा पाला ठेवू. त्यात दोन-चार रानफुलं खोचू. छान दिसेल."

"पाला?" तिची आत्या ढवळी फणकारली. "वहिनी, व्याही काय म्हणतील? निदान त्यांचं टेबल तरी मी सजवते." तिने बाजारातून सोनेरी पत्र्याची फुलं आणली. कबरीला नणंदेचं मन मोडवेना.

लग्न लागलं. पाहुणे टेबलांभोवती जमले आणि गप्पा मारता मारता सजावट खाऊ लागले. मानाच्या टेबलापाशी मात्र व्याही, दाढीवाला थोरला बोकड, एकटाच बसला होता. भिडेखातर त्याने एक सोनेरी फूल बराच वेळ चघळलं आणि हळूच जागेवर ठेवलं.

"फूल देखणं आहे हो," तो कबरीला म्हणाला, "पण दाताला लागतंय. मी जरा पोरांत जाऊन बसू का?"

"बसा की!" कबरीचा जीव भांड्यात पडला.

समारंभ संपला तेव्हा बाकीच्या टेबलांवर नुसती बोळकी उरली होती. ढवळी मानाच्या टेबलापाशी उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती, "बघा, एवढे पाहुणे जेवून गेले, पण माझ्या सजावटीतलं एक फूल इकडचं तिकडे झालं नाही!"