थोरांच्या घरचं चाक

जनावरं माणसांच्या गप्पा चोरून ऐकत, त्या काळची गोष्ट. शाळेच्या खिडकीत कावळ्याने ऐकलं, "जग ज्याने सर्वांत जास्त बदललं, तो माणूस म्हणजे पहिलं चाक घडवणारा..." तेवढ्यात खडा आला आणि कावळा उडाला.

हे कळताच कुंभाराचं चाक फुगलं. "मी थोरांच्या घरचं. चिखलात फिरणार नाही."

कुंभाराने जोर लावला, तरी हलेना. मडकी नाहीत म्हणून बाजार नाही, बाजार नाही म्हणून गाढवाला चारा नाही. गाढव कावळ्याला म्हणालं, "बाबा, उरलेलं ऐकून ये."

कावळा परतला. "थोर तो खराच. पण त्याचं नाव गुरुजींनाही ठाऊक नाही."

"मग मिरवू कुणाच्या नावावर?" चाकाचा आवाज पडला.

"तुझं नाव तरी गल्लीभर ठाऊक आहे, कुरकुऱ्या," गाढव म्हणालं. "फिर आता. भूक लागलीय."

चाक कुरकुरत फिरू लागलं.