इवलीची किल्ली फिरेना

एक होते अंतूमामा. गुबगुबीत आणि हसरे. त्यांच्या पोटरीत होतं एक घर. घरात होतं एक बाळ. दाराची किल्ली इवलीकडे. मोठी माणसं घराला पेशी म्हणतात आणि इवलीला इन्सुलिन. म्हणोत बापडी! आपली ती इवलीच.

इवली रोज यायची. खुळुक खुळुक. किल्ली फिरायची. दार उघडायचं. साखर आत जायची. बाळ जेवायचं.

एक दिवस काय झालं? किल्ली फिरेना! साखर बाहेर, बाळ आत. बाळ रडलं, "भूऽऽक!" इवलीला फार वाईट वाटलं.

"दारा दारा, उघड ना!"

दार म्हणालं, "नाही उघडत, जा! माझ्यावर सूज बसलीय. सूज उतरेल, तर मी उघडेन."

"बरं. मी का बसणारी आहे?"

निघाली इवली. खुळुक खुळुक.

"सूजबाई सूजबाई, उतरा ना! सूज उतरेना, दार उघडेना, बाळ माझं उपाशी!"

सूज लाल लाल. फणफण फणफण. म्हणाली, "नाही उतरत, जा! चरबीची कोठी ठासून भरलीय. ती कण्हते, मी भडकते. कोठी हलकी होईल, तर मी उतरेन."

"बरं. मी का बसणारी आहे?"

खुळुक खुळुक.

"कोठीबाई कोठीबाई, हलक्या व्हा ना! कोठी हलकी होईना, सूज उतरेना, दार उघडेना, बाळ माझं उपाशी!"

कोठी कण्हली, "उं उं उं! हलकी कशी होऊ? वरून येतंच आहे, येतंच आहे! तोंड थांबेल, तर मी हलकी होईन."

"बरं. मी का बसणारी आहे?"

वर, वर, वर. खुळुक खुळुक.

"तोंडा तोंडा, थांब ना! तोंड थांबेना, कोठी हलकी होईना, सूज उतरेना, दार उघडेना, बाळ माझं उपाशी!"

तोंड म्हणालं, "मचमच मचमच! ताटात पडेल ते मी खाणार. मावशी थांबेल, तर मी थांबेन."

मावशी म्हणजे मामांची ताई, चंपूमावशी. हातात श्रीखंडाचं पातेलं. "अंतू, एवढं घे रे! माझी शपथ!"

इवली चढली पातेल्याच्या काठावर.

"मावशी मावशी, थांब ना! मावशी थांबेना, तोंड थांबेना, कोठी हलकी होईना, सूज उतरेना, दार उघडेना, बाळ माझं उपाशी!"

मावशी म्हणाली, "अगं बाई! ताटावर हात आडवा येईपर्यंत वाढायचं, ही आमची रीत. हात आडवा येईल, तर मी थांबेन."

"बरं. मी का बसणारी आहे?"

"हाता हाता, आडवा ये ना! हात आडवा येईना, मावशी थांबेना, तोंड थांबेना, कोठी हलकी होईना, सूज उतरेना, दार उघडेना, बाळ माझं उपाशी!"

हात म्हणाला, "छे छे! ताई रुसेल."

आता मात्र इवली चिडली. "रुसेना का! रुसवा जाईल. बाळाची भूक कशी जाईल?"

हातावरच बसली ठिय्या देऊन. किल्लीने टोच टोच. टोच टोच. "हलायची नाही मी!" टोच टोच!

हात उचलला. ताटावर आडवा!

मामा म्हणाले, "पुरे, ताई. खरंच पुरे."

मावशी रुसली. एवढीशीच रुसली. मग म्हणाली, "बरं. चल तर, चार पावलं चालून येऊ."

टप टप. टप टप.

झाली का कोठी हलकी? छे! एका दिवसात काय होतंय! दुसऱ्या दिवशी हात आडवा. टप टप. तिसऱ्या दिवशी हात आडवा. टप टप. कितीतरी दिवस! इवली रोज दाराशी उभी. किल्ली लावून उभी.

आणि मग?

हात आडवा आला, मावशी थांबली, तोंड थांबलं, कोठी हलकी झाली, सूज उतरली, आणि दार...

कर्रर्र! उघडलं!

साखर धावली आत. बाळ जेवलं. पोटभर जेवलं. "ढ्येऽऽ!" केवढा ढेकर!

बाळाचं पोट भरलं, इवलीचा जीव निवला. झाली गोष्ट. मिटा डोळे.