हळदीचं चिलखत

ऐका, ही फार म्हणजे फारच मागची गोष्ट आहे. इतकी मागची, की तिथल्या राजाचं नाव आता कुणालाच सांगता येत नाही.

त्या राज्यात शिलेदार होते, आणि त्यांचा रुबाब काय विचारू नका. डोक्यापासून पायापर्यंत लोखंडी चिलखत, तोंडही झाकलेलं, फक्त दोन डोळे दिसणार. प्रत्येकाच्या चिलखताचा रंग वेगळा. त्यामुळे लोक त्यांना नावानं ओळखतच नसत. तांबडा आला, हिरवा गेला, पांढऱ्याचा घोडा शिंकला, असंच सगळं चालायचं. आणि रंगावरून स्वभावही ठरवून टाकलेला. तांबडा शूर. हिरवा दिलदार. पिवळा शुभ. आणि काळा? काळा दिसला की दारं बंद.

आता या काळ्यानं केलं काय होतं? काही नाही. खरंच, काहीच नाही. ज्या दिवशी राजानं चिलखतं वाटली त्या दिवशी हा आईच्या हातचे लाडू खात बसला आणि सगळ्यात शेवटी पोचला. तोवर एकच चिलखत उरलं होतं. याला काय, याला सगळे रंग सारखेच. घातलं आणि घरी आला.

पण लोकांचं सुरू झालं ना. कुणी म्हणे हा सापाचं दूध पितो. सापाला दूध येत नाही हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. कुणी म्हणे त्याचा घोडा दगड खातो. पोरं जेवेनात की आया सांगायच्या, मुकाट्यानं जेव, नाहीतर काळा शिलेदार येईल. आणि हा बिचारा रस्त्यावरून जाताना ते ऐकायचा आणि लांबच्या वाटेनं जायचा. कारण त्याला वाटायचं, आपल्याला बघून पोराच्या घशात घास अडकायला नको.

त्याचं नाव होतं भिवा. पण ते नाव फक्त त्याची ताई घ्यायची. ती नदीपलीकडच्या गावात राहायची. तिची मुलगी शेवंता, भिवाची एकुलती एक भाची. आणि त्या शेवंताचं लग्न ठरलं.

तुम्हाला माहीतच आहे, लग्नात मामा लागतो. मामानं भाचीला मांडवात आणायचं आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या पाठीशी उभं राहायचं. शेवंतानं तर लहानपणीच सांगून ठेवलं होतं, की मामा नसेल तर मी खोलीतून बाहेरच येणार नाही.

लग्नाच्या दोन दिवस आधी ताई भिवाकडे आली. बसली, पाणी प्यायली, पण बोलेना. भिवानं खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं. मुलाकडच्यांना पत्ताच नव्हता की मुलीचा मामा म्हणजे काळा शिलेदार. कळलं असतं तर त्यांनी सोयरीक मोडली असती. आणि चिलखत उतरवून यावं, तर राजाची आण. शिलेदारानं घराबाहेर चिलखत काढायचं नाही म्हणजे नाही.

"भिवा, तू पिवळा होऊन येशील का?" ताईनं विचारलं. तिची मान खालीच होती. "एक दिवस. शेवंतासाठी."

भिवाला वाईट वाटलं का? वाटलं. पण तो म्हणाला, "एवढंच ना? लाव."

मग दोघांनी चिलखताला आधी शाडूचा हात दिला, त्यावर डिंकात कालवलेली हळद थापली. लग्नाचीच हळद, ताईनं आणलेली. घोडाही काळाच होता, त्यालाही लावून बघितली, पण त्यानं ती चाटून टाकली. म्हणून घोडा घरीच ठेवायचं ठरलं.

लग्नाच्या दिवशी भिवा पहाटेच चालत निघाला. नदीतून पायी जायला उतार होता, जवळचा. पण पाण्यात शिरलं की हळद गेलीच. म्हणून तो डोंगराला वळसा घालून पुलावरून जाणार होता. पुलाची वाट उताराजवळूनच जायची. तिथं पोचला तेव्हा ऊन चढलं होतं. जरा टेकावं म्हणून बसला.

तेवढ्यात एक म्हातारी आली. डोक्यावर गाठोडं, तोंडानं बडबड. डोळ्यांनी अगदीच अधू. तिला भिवा दिसला तो नुसता पिवळा ढीग. तिला वाटलं पेंढ्याची गंजच आहे. ती सरळ येऊन त्याला पाठ टेकून बसली.

भिवा श्वास रोखून गप्प. किती वर्षांनी कुणीतरी त्याच्या इतक्या जवळ, न घाबरता बसलं होतं. बोललो तर पळून जाईल, असं त्याला वाटलं. म्हातारी आपली गंजीलाच सांगत होती. मुलगा ऐकत नाही, गाडीत बस म्हणतो, गाडीत हाडं खिळखिळी होतात, मी आपली माझ्या पायांनी जाईन. मग ती उठली, गंजीवर दोन थापा मारल्या आणि गाठोडं सावरत पाण्यात शिरली.

निम्म्यात गेली आणि पाय सटकला.

भिवा ताडकन उठला. आणि, खरं सांगायचं तर, क्षणभर थांबला. समोर पाणी होतं, अंगावर हळद होती, आणि डोळ्यांपुढे खोलीत वाट बघत बसलेली शेवंता होती. एकच क्षण. मग त्यानं पाण्यात उडी घेतली.

म्हातारीला त्यानं गाठोड्यासकट उचलून खांद्यावर घेतलं.

"आजी, घट्ट धरा."

"धरते. पण गाठोडं भिजलं तर तुला सोडणार नाही," म्हातारी म्हणाली.

गाठोडं भिजलं नाही. हळद मात्र धुऊन गेली. भिवाच्या मागे पिवळा पट्टा वाहत होता आणि भिवा पाऊल पाऊल काळा होत होता. पलीकडच्या काठावर म्हातारीनं डोळे बारीक करून त्याच्याकडे बघितलं.

"मघाशी गंज होती. आता म्हैस झाली," ती पुटपुटली, आणि घाई आहे म्हणत तुरुतुरु निघूनही गेली.

भिवा तिथंच उभा राहिला. आता मांडवात जाणं शक्य नव्हतं. पण शेवंताला लांबून तरी बघू, म्हणून तो मांडवापासून थोड्या अंतरावरच्या चिंचेआड जाऊन थांबला. पण एवढं मोठं काळं चिलखत, लपणार कसं? कुणीतरी बघितलंच. काळा आला, काळा आला म्हणून मांडवभर पळापळ झाली. पाट उलटले, एकजण तर वाजंत्र्यांच्या ढोलामागे लपला.

आता ताईला लपवता येईना. तिनं सांगून टाकलं, हा माझा भाऊ, शेवंताचा मामा.

नवऱ्या मुलाचा बाप उभा राहिला. म्हणाला, असल्या मामाच्या हातून मुलगी मांडवात येणार असेल तर आम्ही उठतो. शेवंता खोलीतूनच म्हणाली, मामाशिवाय मी येत नाही. ताई दोघांच्या मध्ये. भिवानं ते बघितलं आणि मुकाट्यानं नदीकडे वळला. आपण गेलो तर निदान लग्न तरी होईल.

"काय गोंधळ आहे?" आतून आवाज आला. तीच म्हातारी, नवऱ्या मुलाची आजी. सगळे पुलावरून गाडीनं आले होते, हीच एकटी हट्टानं मागे राहिली होती.

काळा शिलेदार आलाय, असं तिला सांगितलं. ती काठी टेकत भिवापाशी गेली. ओल्या चिलखतावरून हात फिरवला. मग हात नाकाशी नेला. तोच मघाचा हळदीचा वास.

"हा? ही तर माझी म्हैस," म्हातारी म्हणाली. "नदीत वाहून चालले होते मी. यानं खांद्यावर घेऊन आणलं."

तिचा मुलगा, म्हणजे नवऱ्याचा बाप, काहीतरी बोलायला गेला.

"तू खाली बस. मुंडावळ्या माझ्या गाठोड्यात आहेत. याला आत घेतलं नाहीत तर मी त्या घेऊन परत जाते. आणि मला नदीपार कोण नेईल माहीत आहे? हाच."

सगळे हसले, नवऱ्या मुलाचा बापही. उलटलेले पाट सरळ झाले. भिवा शेवंताचा हात धरून मांडवात आला, काळाच्या काळा, आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या पाठीशी उभा राहिला. चिलखतातून पाणी ठिबकत होतं. ते नुसतं नदीचं नव्हतं, असं ताई सांगायची.

त्या दिवसापासून त्या राज्यात काळा शिलेदार राहिलाच नाही. चिलखत काळंच होतं, पण लोक त्याला भिवामामा म्हणायला लागले. उताराशी म्हाताऱ्या त्याची वाट बघत थांबायच्या. आणि आया पोरांना सांगायच्या, पटापट जेव, मग भिवामामाकडे जाऊ. कोपराच्या सांध्यात थोडी हळद राहून गेली होती. ती त्यानं कधी पुसली नाही.

तर मंडळी, माणूस कसा आहे हे त्याच्या रंगावरून नाही, तो कुणासाठी पाण्यात उतरतो त्यावरून कळतं.