टिबूला डुबकी मिळेना

एक होतं तळं. त्याचं नाव करंजतळं. तळ्याच्या कडेला लव्हाळी, लव्हाळ्यात घरटं, घरट्यात टिबू.

टिबू म्हणजे टिबुकली, पाण्यावर राहणारा पक्षी. एवढीशी. ओंजळीत मावेल एवढी. पण राग केवढा? ते आता कळेलच.

घरट्यापुढे टिबूचं पाणी होतं. ताटासारखं, गोल, लख्ख. रोज सकाळी टिबू त्यात डुबकी मारायची. डुबुक. खाली जायची, पाणकिडा पकडायची, वर यायची. बुडबुड, बुडबुड, फुर्र. झाली न्याहारी. डुबकी नाही, तर न्याहारी नाही.

एका सकाळी टिबू उठली. पंख झटकले आणि मारली उडी.

डुबुक झालं नाही.

थप्प झालं.

टिबूची चोच आपटली. टिबूचं पोट आपटलं. खाली पाणी नव्हतंच. पान होतं. पानाशेजारी पान, त्याच्याशेजारी आणखी पान. जाड, फुगीर, चकचकीत. मधोमध एक जांभळं फूल, ऐटीत बसलेलं.

ती होती जलपर्णी. आली तेव्हा एवढीशी होती. मग एकीच्या दोन झाल्या, दोनाच्या चार झाल्या. आज टिबूचं सगळं पाणी झाकून बसली. विचारलं नाही, सांगितलं नाही, बसली.

टिबूला राग आला. आवळ्याएवढा.

"जलपर्णी, जलपर्णी, हट.
मला डुबकी मिळेना."

जलपर्णी म्हणाली, "हटणार नाही. मी काय आपल्या पायांनी आले? मला टोपलीनं आणलं. टोपली उचलेल, तर जाईन."

टिबूचे पंख फुगले. निघाली टिबू. थपक थपक, थपक थपक.

काठावर टोपली पालथी पडली होती. ऊन खात होती. टिबूचा राग झाला लिंबाएवढा.

"टोपली, टोपली, जलपर्णी उचल.
जलपर्णी हटेना,
मला डुबकी मिळेना."

टोपली म्हणाली, "उचलणार नाही. ती तिकडे पाण्यात, मी इकडे काठावर. होडी नेईल, तर उचलीन."

"पण तूच आणलीस ना तिला?" टिबूनं विचारलं.

टोपली पालथी होती, ती आणखी पालथी झाली.

निघाली टिबू. थपक थपक, थपक थपक.

करंजाच्या सावलीत होडी डुलत होती. टिबूचा राग झाला पेरूएवढा.

"होडी, होडी, टोपली ने.
टोपली उचलेना,
जलपर्णी हटेना,
मला डुबकी मिळेना."

होडी म्हणाली, "नेणार नाही. सावली गार आहे, मी मजेत आहे. वल्हं हलवेल, तर नेईन."

मजेत आहे म्हणे. इकडे टिबूच्या पोटात पाणकिडा नाही आणि ही मजेत. टिबूनं होडीला एक चोच मारली. टक. होडीला काही झालं नाही. टिबूला जरा बरं वाटलं.

निघाली टिबू. थपक थपक, थपक थपक.

वल्हं झाडाला टेकून उभं होतं. टिबूचा राग झाला नारळाएवढा.

"वल्ह्या, वल्ह्या, होडी हलव.
होडी नेईना,
टोपली उचलेना,
जलपर्णी हटेना,
मला डुबकी मिळेना."

वल्हं म्हणालं, "हलवणार नाही. मला का हात आहेत? गोंदूतात्या धरतील, तर हलवीन."

गोंदूतात्या म्हणजे तळ्यात मासे धरणारे तात्या. होडी त्यांची, वल्हं त्यांचं. टोपलीसुद्धा त्यांचीच.

निघाली टिबू. आता रस्ता चढाचा होता. टिबूचे पाय मागे, पोट पुढे. चालायची सवय नाही. तरी निघाली. थपक थपक, धप. उठली. थपक थपक.

तात्या अंगणात बसले होते. पुढ्यात रिकामं ताट. टिबूचा राग झाला पपईएवढा.

"तात्या, तात्या, वल्हं धरा.
वल्हं हलवेना,
होडी नेईना,
टोपली उचलेना,
जलपर्णी हटेना,
मला डुबकी मिळेना."

तात्या म्हणाले, "धरणार नाही. उपाशीपोटी वल्हं कोण मारतं? तुझी काकू वाढेल, तर धरीन."

"मीसुद्धा उपाशीच आहे," टिबू म्हणाली.

तात्यांनी ऐकलं नाही. मोठ्या माणसांना कधी कधी ऐकू येत नाही. तुम्हाला माहीतच आहे.

निघाली टिबू. थपक थपक, थपक थपक.

येसूकाकू चुलीपाशी होती. भाकरी टम्म फुगली होती. टिबूही टम्म फुगली होती. टिबूचा राग झाला कलिंगडाएवढा.

"काकू, काकू, तात्यांना वाढ.
तात्या धरेनात,
वल्हं हलवेना,
होडी नेईना,
टोपली उचलेना,
जलपर्णी हटेना,
मला डुबकी मिळेना."

काकू म्हणाली, "वाढणार नाही बाई. भाकरी आहे, पण कालवण कुठंय? दोन दिवस जाळ्यात मासोळी नाही. मासोळी येईल, तर वाढीन."

निघाली टिबू. आता उतार होता. थपक थपक, घरंगळ घरंगळ, पोचली पाण्याशी.

पानांच्या फटीतून मासोळीनं तोंड वर काढलं होतं. आ करत होती, मिटत होती. आ करत होती, मिटत होती. टिबूचा राग झाला भोपळ्याएवढा.

"मासोळी, मासोळी, जाळ्यात ये.
काकू वाढेना,
तात्या धरेनात,
वल्हं हलवेना,
होडी नेईना,
टोपली उचलेना,
जलपर्णी हटेना,
मला डुबकी मिळेना."

मासोळी म्हणाली, "येणार नाही. वर पाला, खाली अंधार. मला धड श्वास घेता येईना, जाळ्यात कुठून येऊ? जलपर्णी हटेल, तर येईन."

जलपर्णी हटेल, तर?

टिबूनं मान वळवली. जलपर्णी तिथंच होती. फूल तिथंच होतं. इतकी चालली, इतकी पडली, सगळ्यांना विचारलं आणि फिरून तिथंच आली. आणि फूल वाऱ्यावर डुलत होतं.

मग टिबूचा राग झाला रांजणाएवढा. एवढीशी टिबू, आणि रांजणाएवढा राग. मावेल कसा? उतू गेला.

टिबू ओरडली नाही. रडली नाही. तिनं चोचीत एक छोटी जलपर्णी धरली. खेचली. येईना. पाय रोवले, पुन्हा खेचली. कचाकच, कचाकच, फट. आली. पानं वर, लांब काळी मुळं खाली, मुळांतून पाणी टिपटिप.

निघाली टिबू. चोचीत जलपर्णी. थपक थपक, टिपटिप. थपक थपक, धप. उठली. थपक थपक, टिपटिप.

अंगणात तात्या अजून बसलेलेच. ताट अजून रिकामंच. टिबूनं ताटाच्या काठावर पाय दिला आणि चोच उघडली.

थप्प.

जलपर्णी तात्यांच्या ताटात.

"जेवा," टिबू म्हणाली.

तात्यांनी ताटाकडे पाहिलं. काकू चुलीपासून उठून आली. तिनंही ताटाकडे पाहिलं.

काकू म्हणाली, "अहो, हा पाला आपल्या तळ्यातला नाही."

तात्यांनी बोटानं पाला उलटून पाहिला.

"हा मोठ्या तलावावरचा पाला. तुम्ही रविवारी तिकडे जाता. मासे आणता. येताना टोपलीत माशांवर काय झाकता?"

"ओला पाला," तात्या हळूच म्हणाले. "त्यानं मासे गार राहतात. आपल्याकडे झाकतातच. बाबाही झाकायचे."

"मामंजी पळसाची पानं झाकायचे," काकू म्हणाली. "पळस पाण्यात पडला, तर कुजून जातो. हा पडला, तर वाढत जातो. आणि घरी आल्यावर टोपली कुठे धुतलीत?"

तात्यांनी मान खाली घातली.

"कुठे धुतलीत?"

"तळ्यात."

आता काकूलाही राग आला. टिबूच्या रागाशेजारी जाऊन बसला, तेवढाच मोठा.

"मासे आपल्या पोटात आणि पाला या पोरीच्या पाण्यात? ती सकाळपासून उपाशी हिंडतेय. दारोदार. आणि आपण तिला सांगतोय, कालवण नाही."

काकूनं भाकरी वाढली का? नाही वाढली. परातीखाली झाकून ठेवली.

"आधी पाला," काकू म्हणाली, "मग भाकरी."

मग काय झालं?

काकूनं तात्यांना उठवलं.
तात्यांनी वल्हं धरलं.
वल्ह्यानं होडी हलवली.
होडीनं टोपली नेली.
टोपलीनं जलपर्णी उचलली.
आणि जलपर्णी हटली.

"मी नाही, मी नाही," जलपर्णी म्हणाली. पण कोण ऐकतंय? कचाकच, कचाकच. एक टोपली भरली. दोन भरल्या. दहा भरल्या. काकू पदर खोचून काठावर उभी. ती टोपली घ्यायची आणि पाला उन्हातल्या खडकावर पसरायची. पाण्यात नाही, ओढ्यात नाही. कोरड्या, तापलेल्या खडकावर. तिथं पानं मऊ पडली, मग पिवळी झाली. ऐटीतलं जांभळं फूल मान टाकून बसलं.

तात्यांनी घाम पुसला. "झालं," म्हणाले.

"नाही झालं," टिबू म्हणाली.

"आता काय राहिलं?"

टिबूनं लव्हाळ्यात चोच घातली. लव्हाळ्याच्या बुडाशी एक जलपर्णी लपली होती. बोटाच्या पेराएवढी.

तात्या म्हणाले, "ही? ही तर एवढीशी आहे."

टिबू म्हणाली, "आली तेव्हाही एवढीशीच होती."

तात्या वाकले. मुळासकट उपटली. आजूबाजूला पुन्हा पाहिलं, नीट पाहिलं. आणखी दोन सापडल्या. त्याही गेल्या खडकावर.

तेवढ्यात मासोळी वर आली. भरभरून श्वास घेतला.

"मी म्हणाले होते, जलपर्णी हटेल, तर येईन," मासोळी म्हणाली. "आले."

तात्यांनी जाळ्याकडे हात नेला.

"आता चालले," मासोळी म्हणाली. सुळकन गेली.

मग तात्यांनी भाकरी कशाशी खाल्ली? कांद्याशी खाल्ली. मुकाट्यानं खाल्ली.

आणि टिबू? टिबूपुढे टिबूचं पाणी होतं. ताटासारखं, गोल, लख्ख. टिबूनं पंख झटकले आणि मारली उडी.

डुबुक.

खाली गेली, पाणकिडा पकडला, वर आली. बुडबुड, बुडबुड, फुर्र. पुन्हा डुबुक. पुन्हा फुर्र. किती वेळा? न्याहारीचे वेगळे, जेवणाचे वेगळे. सकाळपासूनचे सगळे पाणकिडे तिनं वसूल केले.

मग आला रविवार. तात्या मोठ्या तलावावर गेले आणि संध्याकाळच्या आत परत आले. डोक्यावर टोपली, खांद्यावर जाळं. पाहतात तर काठावर टिबू उभी. पंख फुगलेले, शेपटी फुगलेली.

"माशांवर काय झाकलंत?"

"पळसाची पानं."

"टोपली झाडलीत?"

"तिकडेच झाडली."

"जाळं झटकलंत?"

"तिकडेच झटकलं."

"आणि धुणार कुठे?"

"अंगणात. हापशाच्या पाण्यानं. मग उन्हात वाळवीन. तळ्यात नाही धुणार."

टिबूनं टोपलीभोवती एक फेरी मारली. थपक थपक. जाळ्याभोवती एक फेरी मारली. थपक थपक. जाळ्याच्या एका गाठीत हिरवं काहीतरी अडकलं होतं. नखाएवढं. टिबूनं ते चोचीनं ओढून काढलं, तात्यांच्या पायाशी ठेवलं आणि वर पाहिलं.

तात्यांनी ते उचललं. परत फिरले, खडकापर्यंत चालत गेले, उन्हात टाकून आले.

"आता?" तात्यांनी विचारलं.

"आता या," टिबू म्हणाली.

तळं मोकळं, पाणी मोकळं, आपली गोष्टही मोकळी. टिबूचा राग उतरला का? उतरला. रांजणाचा भोपळा झाला, भोपळ्याचं कलिंगड झालं, कलिंगडाची पपई झाली, पपईचा नारळ झाला, नारळाचा पेरू झाला, पेरूचं लिंबू झालं, लिंबाचा आवळा झाला.

आवळ्याएवढा मात्र टिबूनं ठेवून दिला आहे. दर रविवारी लागतो.