डोंगर उठून गेला

डोंगरांना अजून चालता येत होतं, तेव्हाची गोष्ट. गर्द रानाच्या एका खोऱ्यात भिवबा नावाचं अस्वल मध काढायचं आणि घाटापलीकडच्या बाजारात नेऊन विकायचं. डोक्यावर मडकं घेऊन घाट चढताना त्याचा जीव मेटाकुटीला यायचा. एकदा वैतागून भिवबा डोंगराला म्हणाला, "नुसता बसून असतोस. जरा बाजूला सरक की, मेल्या!"

डोंगरालाही बसून बसून मुंग्या आल्या होत्या. तो उठला, त्यानं ढुंगण झाडलं आणि थेट दूरच्या सपाटीवर निघून गेला.

बाजाराची वाट सरळ झाली. भिवबा खूश! पण डोंगरामागोमाग ढगही गेले. झरे आटले, झाडं फुलेनात, मधमाश्यांनी पोळी सोडली. सरळ वाटेवर न्यायला भिवबाकडे काही उरलंच नाही.

शेवटी तो डोंगराकडे गेला. "दादा, घरी चला."

"आता दादा होय!" डोंगर हसला. "इथं लोक मला बघायला येतात. तिथं येऊन तुझ्या शिव्या खाऊ?"

"शिव्या तर मी देणारच," भिवबा म्हणाला. "घाट चढून बघा, म्हणजे कळेल. पण तुम्ही गेल्यापासून खोऱ्यात शिव्या द्यायलासुद्धा कुणी उरलं नाही."

हे डोंगराला पटलं. तो परत आला आणि दमल्यामुळे आधीपेक्षा ऐसपैस बसला. घाट आणखी लांबला.

रान पुन्हा फुललं. भिवबा भरलं मडकं घेऊन चढायचा आणि पावलागणिक डोंगराचा उद्धार करायचा. एखाद्या बाजाराला तो गुमान चढला, तर डोंगरच काळजीनं विचारायचा, "भिवबा, आज मध कमी मिळाला का रे?"