एकही टाका सुटला नाही

नगराध्यक्ष भोईटेसाहेबांनी सिनेमा काढला, त्यात स्वतःच नायक झाले आणि गावाला फुकट दाखवला. फुकट म्हणजे कसा, तर खेळ सुटल्यावर एकाच उघड्या दारात साहेब माइक घेऊन उभे, आणि मत सांगितल्याशिवाय कुणाची सुटका नाही.

जो तो "अप्रतिम!" म्हणून सटकत होता. रांगेतल्या द्वारकाबाईंचा जीव मात्र खालीवर होत होता. त्यांच्या बालवाडीच्या फुटक्या पत्र्यांचा अर्ज साहेबांच्याच टेबलावर पडून होता, आणि खोटं बोलायला जीभ रेटत नव्हती. रांग सरकेल तशा त्या हातातल्या पिशवीचे बंद पिळत होत्या.

"बोला बाई, अगदी खरं मत हवं!"

बाईंनी पिशवीतून इवलासा स्वेटर काढला. "साहेब, मी अंधारातही विणते. मागे दुसऱ्या कुणाचा सिनेमा बघताना रडता रडता सात टाके सुटले, अख्खी बाही उसवावी लागली. आज दोन्ही बाह्या पुऱ्या झाल्या, एकही टाका सुटला नाही."

रांगेत खसखस पिकली.

"म्हणजे सिनेमा वाईट?" साहेबांचा आवाज चढला.

"छे हो! तुमच्या कृपेने बालवाडीतल्या एका लेकराची थंडीची सोय झाली," बाई हात जोडून म्हणाल्या. "पुढचा सिनेमा लवकर काढा साहेब, अजून एकवीस लेकरं बिनस्वेटरची आहेत."

लोकांनी टाळ्याच वाजवल्या, तेव्हा साहेबांना हसावंच लागलं. पंधरवड्यात बालवाडीवर नवे पत्रे चढले. दुसरा सिनेमा मात्र निघाला नाही, आणि उरलेले स्वेटर बाईंना घरी बसूनच विणावे लागले.